चालतं मशीन उघडणारा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे. सकाळी त्याचं शटर वर गेलं की आधी वार्निशचा वास बाहेर येतो आणि मागून माणूस दिसतो. माणूस बुटका, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तांब्याच्या तारेनं बोटांवर बारीक रेघा पडलेल्या. जळालेल्या मोटरी सोडवून तो त्या पुन्हा नव्या तारेनं भरून देतो, म्हणून सगळे त्याला वाइंडर म्हणतात. त्याचं पाळण्यातलं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही जरा थांबून आठवावं लागतं.

कारागीर म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्यानं भरलेली मोटर घरातल्या सुनेपेक्षा जास्त वर्षं मुकाट चालते, असं जुनी गिऱ्हाइकं सांगतात. दुकानात भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेली एक पाटी आहे: ‘चालता पंप उघडून मिळणार नाही.’ अक्षर वाकडं आहे, पण शब्द सरळ आहेत.

एकदा रोपवाटिकेवाला आपला पंप खांद्यावर घालून आला.

“जरा घरघर करतो. उघडून बघता का?”

“पाणी चढवतो?”

“चढवतो की.”

“तापतो?”

“नाही.”

“मग उचल आणि घरी ने.”

“अहो, पण घरघर...”

“तुझ्या छातीत होते त्यापेक्षा कमीच होत असेल. पाटी वाचता येते ना? चालत्या मशीनला हात लावला की ते सूड घेतं. तीन पिढ्यांचं शहाणपण आहे हे, माझं एकट्याचं नाही.”

रोपवाटिकेवाला पंप पुन्हा खांद्यावर घालून गेला. तो पंप आजही चालतो, घरघरतो आणि पाणी चढवतो.

हे शहाणपण मात्र दुकानातच मुक्कामाला असे. शटर खाली आलं की ते आत कोंडलं जाई आणि घरी जाई तो निराळाच माणूस.

घरी त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता. सुटे भाग आणून त्यानं तो स्वतः जुळवला होता आणि त्यावर लिनक्स घातलं होतं. आता लिनक्स ही चांगली गोष्ट आहे. फुकट मिळते, कुणाच्या बापाची नाही. पण तिच्या दोन शाखा असतात. एक पक्की. लोकांनी वापरून, ठोकून, पारखून झालेली. दुसरी कच्ची. तिथं गवंडी अजून कामावर असतात, भिंतीचा गिलावा ओला असतो, आणि काल जिथं दार होतं तिथं आज खिडकी असते. ही शाखा बनवणारे स्वतःच दारावर लिहून ठेवतात की बाबांनो, हे तपासणीसाठी आहे, यात राहायला येऊ नका. शहाणी माणसं ते वाचून मागे फिरतात. आमच्या वाइंडरनं ते वाचलं आणि बिऱ्हाड घेऊन आत गेला.

“पक्की शाखा म्हाताऱ्यांसाठी असते,” तो म्हणायचा.

“आणि तुम्ही कोण?” वहिनी विचारायच्या. वहिनी म्हणजे त्याची बायको. आमची आणि त्यांची भिंत एकच, आणि ती भिंत बांधणाऱ्यानं विटांमध्ये बरीच कंजुषी केलेली आहे. त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

रोज सकाळी, तोंड धुवायच्याही आधी, तो मशीनला अपडेटचा हुकूम द्यायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खाली खाली वाहू लागायच्या. बाहेर झाडावर उजेड उतरत असायचा, दूधवाल्याची सायकल वाजून जायची, आणि हा माणूस त्या ओळींकडे असा बघत बसायचा जसा एखादा नदीकाठी पाण्याकडे बघत बसतो. नदीकाठच्या माणसाला निदान थोडा गारवा तरी मिळतो. याला काय मिळायचं? कधी आवाज जायचा, कधी प्रिंटर ओळख द्यायचा नाही. एकदा तर सगळी मराठी अक्षरं चौकोन झाली आणि आठवडाभर तो चौकोनांचं वर्तमानपत्र वाचत होता.

“काय बिघडलं आज?” वहिनी चहाचा कप ठेवत विचारायच्या.

“बिघडलं नाही. बदललं.”

“काल चालत होतं ना?”

“काल जुनं होतं.”

हे सांगताना त्याच्या तोंडावर असं तेज यायचं, जसं व्रात्य पोराच्या बापाच्या तोंडावर शेजाऱ्याची काच फुटल्यावर येतं. वर रागावणं, आत कौतुक.

इंटरनेटवर त्याच्यासारख्यांचा एक कंपू होता. तिथं कुणाचं मशीन बसलं की बाकीचे गोळा व्हायचे. मदतीला नव्हे. “आमच्याकडे चालतंय,” असं सांगायला. घर जळणाऱ्याला शेजाऱ्यानं आपल्या घराला आग लागली नसल्याचं कळवावं, तसला तो जिव्हाळा. वाइंडर त्यांना ‘आपली मंडळी’ म्हणायचा.

आतल्या खोलीत आणखी एक कॉम्प्युटर होता. जुना, जाडजूड, पंख्याचा आवाज करणारा. तो त्यांच्या लेकीचा. घर सोडून दूरच्या शहरात नोकरीला जाताना तिनं त्याच्यावर लिनक्सची पक्की शाखा घालून दिली आणि आईला म्हणाली, “याला बाबांचा हात लागू देऊ नकोस.” वहिनी स्वेटर विणतात, त्यावर विणीचे नमुने बघतात. त्या मशीनचं तेव्हापासून काही बदललं नाही आणि काही बिघडलंही नाही. वाइंडर त्याला ‘संग्रहालय’ म्हणायचा.

आता या माणसाच्या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट खरी होती, आणि ती म्हणजे रविवारची बोट.

लेक पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवडाभर बाटल्या, नळ्या आणि साहेब. बापलेक दोघंही फोनवर बोलण्यात कच्चे. “जेवलीस?” “जेवले.” “बरं.” “ठेवते.” एवढ्यात त्यांचं सगळं आटपायचं. म्हणून लेकीनं आपला एक जुना खेळ पुढे केला. त्या खेळात एक बोट असते आणि ती चालवायला दोन माणसं लागतात. एक वर सुकाणूवर, दुसरा खाली इंजिनघरात. वरच्याला समुद्र दिसतो, इंजिन दिसत नाही. खालच्याला काटे, झडपा, तेल आणि वाफ दिसते, समुद्र दिसत नाही. दोघांमध्ये फक्त आवाज. लेक वर, बाप खाली. बोटीचं नाव तिनं ठेवलं होतं ‘कंडेन्सर’, कारण लहानपणी तिला बापाच्या दुकानातला तो डबीसारखा भाग फार आवडायचा.

रविवारी जेवणं झाली की भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

“बाबा, जरा जोर द्या. समोर लाट आहे.”

“जोर देतो, पण बेअरिंग तापलंय. तू आज दमल्यासारखी बोलतेस.”

“साहेब बदललाय. नवा खडूस आहे. डावीकडे वळते.”

“वळ. खडूस म्हणजे कसला खडूस?”

आणि मग ती सांगायची. सुकाणू हातात असलं की तिचं तोंड मोकळं व्हायचं, आणि झडप हातात असली की याचे कान. जे फोनवर कधी आलं नाही ते त्या खोट्या समुद्रावर खरं खरं बोललं जायचं. वहिनी दारात स्वेटर विणत ऐकत बसायच्या.

तो खेळ मुळात लिनक्ससाठी बनवलेलाच नव्हता. मध्ये एक दुभाषा प्रोग्राम बसवावा लागायचा, जो खेळाचं बोलणं लिनक्सला समजावून सांगतो. पक्क्या शाखेवर दुभाषा निवांत काम करायचा. वाइंडरच्या कच्च्या शाखेवर मात्र बिचाऱ्याला रोज नवा मालक. कधी अपडेटनंतर खेळ उघडायचाच नाही, आणि लेक तिकडे धक्क्यावर बोट लावून बापाची वाट बघत बसायची. अर्धा रविवार दुरुस्तीत जायचा. ती रागवायची नाही. न रागावणाऱ्या माणसाचा आपण किती फायदा घेतो, हे फायदा घेणाऱ्याला कधी दिसत नाही.

मग खेळवाल्या कंपनीनं जाहीर केलं की खेळ बंद होणार. एका रविवारी दिवेलागणीला सगळे समुद्र, सगळी बंदरं, सगळ्या बोटी कायमच्या बंद. जाता जाता त्यांनी नकाशाच्या टोकाचं बेट सगळ्यांना खुलं केलं. त्या बेटावर एक दीपगृह होतं. बापलेकीनं किती वेळा तिकडे जायचं ठरवलं होतं, आणि दर वेळी वादळ आडवं आलं होतं. किंवा अपडेट.

“शेवटची फेरी तिकडेच,” लेक म्हणाली. “दुपारी निघू. सगळी दुपार लागेल.”

“निघू.”

“आणि बाबा, एक ऐका. रविवारपर्यंत मशीनला हात लावू नका. आता चालतंय ना? तसंच राहू द्या.”

“मला शिकवतेस?”

“तुमचीच पाटी वाचून दाखवतेय.”

तो हसला. “शब्द दिला,” म्हणाला.

शब्द त्यानं पाळला, हे कबूल केलं पाहिजे. रोज सकाळी उठून तो काळ्या पडद्यासमोर बसे आणि हात मांडीखाली दाबून ठेवी. विडी सोडलेल्या माणसासारखी त्याची दशा झाली. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यानं उगीच फैलावर घेतलं. शनिवारही सरला.

रविवारी सकाळी मंडळींपैकी कुणीतरी लिहिलं की नवा कर्नल आलाय. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. बाकी सगळं त्याच्या जिवावर उभं असतं. आणि या नव्या गाभ्यात आवाजाची एक दुरुस्ती होती. वाइंडरच्या मशीनवर बोटीच्या इंजिनाच्या आवाजात बारीक करकर यायची. दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती. पण याचा जन्म मोटरी ऐकण्यात गेलेला. शेवटच्या फेरीला इंजिनाचा आवाज स्वच्छ असावा, एवढंच त्याच्या मनात आलं. एवढंच, असं तो नंतरही म्हणत होता. रोपवाटिकेवाल्याचंही एवढंच म्हणणं होतं.

त्यानं हुकूम दिला. ओळी वाहिल्या. आणि वर आणखी एक काम केलं, जे शहाणा माणूस कधी करत नाही. मशीन बापडं नवा गाभा आला तरी जुना जवळ राखून ठेवतं, की न जाणो, नव्यानं दगा दिला तर परत जाता येईल. वाइंडर मात्र नवा आला की जुना तेव्हाच पुसून टाकायचा. “अडगळ कशाला?” म्हणायचा. विहिरीत उतरल्यावर दोर वर कशाला लोंबता ठेवायचा, म्हणून हा कापणारा.

मशीन बंद करून चालू केलं. पडदा आला, पण अंधूक, मोठाल्या ठोकळ्यांचा. नव्या गाभ्याशी चित्र दाखवणाऱ्या कार्डाचं जमेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, अजून नव्या गाभ्यासाठी तयारच झालेला नव्हता. खेळ उघडायला गेला तर खेळानं क्षणभर डोळा उघडल्यासारखं केलं आणि मिटून घेतला.

दुपार झाली. जेवणं झाली, म्हणजे वहिनींचं झालं. याचं ताट झाकून ठेवलं. लेकीचा फोन आला.

“बाबा, मी धक्क्यावर आहे.”

“आलोच. पाच मिनिटं.”

ती पाच मिनिटं तिच्या ओळखीची होती.

“हात लावलात?”

“छोटीशी गोष्ट आहे. सुटेल.”

मंडळींना विचारलं. उत्तर लगेच आलं: “आमच्याकडे चालतंय.” दुसऱ्यानं लिहिलं, “कच्ची शाखा आहे, तुला काय वाटलं होतं?” तिसऱ्यानं विचारलं, “जुना कर्नल पुसलास? कशाला?” त्याला इतकं हसू आलं होतं की त्यानं हसऱ्या तोंडांची माळच लावली. मंडळी ती मंडळी.

आता जुना गाभा दुरून कुठून तरी उतरवून आणायचा होता, आणि लाइन गोगलगायीची.

वहिनी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. जुन्या मशीनचा पंखा घरघरला. फोनवर लेकीनं सांगितलं तसं त्या दाबत गेल्या. घर सोडायच्या आधी लेक याच मशीनवरून खेळायची, त्यामुळे खेळ तिथं होता, दुभाषा होता, सगळं जसंच्या तसं. संग्रहालयात वस्तू जपून ठेवतात, त्याचा हा उपयोग. खेळ उघडला.

“अहो,” त्यांनी हाक मारली. “इथं या. इथं उघडलाय.”

“तिथं?”

“इथंच. खुर्ची ठेवलीय.”

“त्या डबड्यावर? पाणी चौकोनी दिसेल. चित्र अडकत अडकत चालेल.”

“चालू दे अडकत. लेक वाट बघतेय.”

“पाच मिनिटं दे गं. माझं होतंच आलंय.”

“ती म्हणतेय, तासभर आधीच गेलाय. अंधार पडायच्या आत पोचायचंय.”

“मग तू धर जरा. धक्का सुटेपर्यंत. मी आलोच.”

असा तो प्रवास सुरू झाला. बाहेरच्या खोलीत एक माणूस जुना गाभा शोधत होता आणि आतल्या खोलीत विणकाम करणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा इंजिनघरात उतरली होती.

“आई, लाल काटा बघ.”

“कुठला लाल? इथं सगळंच लाल आहे.”

“अगं, तेच. इंजिन तापलंय. निळी झडप फिरव.”

“फिरवली. आता सगळीकडे वाफच झाली.”

“उलटी फिरवलीस.”

“मग सांगायचं नाही का? तुझे बाबा सांगत असतील मला कधी काही? स्वतःच फिरवत बसायचे.”

लेक हसायला लागली. तिला हसताना ऐकून वहिनीही हसल्या. बोट दोनदा बंद पडली, एकदा खडकाला घासली. बाहेरच्या खोलीत वाइंडरनं मान वर केली.

“तेल बघ, तेल,” तो खुर्चीतूनच म्हणाला. “तो आवाज तेलाचा आहे.”

“येऊन बघा ना मग.”

“शेवटचंच उतरतंय.”

ऊन भिंतीवरून सरकलं. गल्लीत पोरांचा खेळ सुरू होऊन संपला. आत मायलेकींचं बोलणं चाललं होतं. खडूस साहेबाचं, खोलीतल्या मैत्रिणीचं, रात्री झोप लागत नाही त्याचं. लेक म्हणाली, हे मी बाबांना आज सांगणार होते. वहिनी म्हणाल्या, मला सांग, मी त्यांना सांगेन. लेक म्हणाली, नको, ते तसं नसतं. मग तिनं आईलाच सगळं सांगितलं.

आणि मग आतून ओळखीचा नसलेला एक आवाज आला. बोटीचा भोंगा. लांबलचक, खालच्या सुरातला.

“दिसलं,” लेक म्हणाली. “आई, जिना चढून वर ये. आता इंजिन सोडलं तरी चालेल.”

दीपगृहाचा उजेड चौकोनी पाण्यावर फिरत होता. आसपास कितीतरी बोटी आल्या होत्या, सगळ्या भोंगे वाजवत होत्या. वहिनी म्हणतात, चित्र अडकत होतं, पण उजेड अडकला नाही.

“बाबांना बोलाव ना,” लेक म्हणाली. “नुसतं येऊन बघू देत.”

वहिनींनी हाक मारली. “अहो, नुसते या. खेळायचं नाही, बघायचंय.”

बाहेरच्या खोलीपासून आतल्या खोलीपर्यंत मधे एक उंबरा आहे. तेवढा ओलांडायचा होता. पण बाहेरच्या पडद्यावर पट्टी भरत आली होती, अगदी थोडी राहिली होती, आणि हरलेल्या माणसासारखं उठून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

“थांब,” तो म्हणाला. “आता माझ्याच मशीनवर येतो. मीही दिसेन तुम्हाला.”

त्याचं मशीन बंद झालं, चालू झालं. पडदा लख्ख आला. कार्ड जागं झालं. त्यानं खेळावर टिचकी मारली आणि खेळ असा उघडला, जसा कधी उघडला नव्हता. झटकन, कुठे न अडखळता.

“चालू झालं,” तो म्हणाला.

त्याच्या पडद्यावर एक करडी पाटी होती, सुबक अक्षरातली: सेवा बंद झाली आहे, इतकी वर्षं सोबत केल्याबद्दल आभार. गल्लीत दिवे लागत होते.

थोड्या वेळानं लेकीनं त्याला फोन केला. आम्हाला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, झालं का सुरू?”

“झालं.”

“काय झालं होतं?”

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. गाभा कसा आला, ड्रायव्हर कसा मागे राहिला, जुना गाभा कुठून मिळवला, कुठल्या भागाचं कुठल्या भागाशी कसं जुळवलं. आवाजात हळूहळू जोर चढत गेला. शेवटी शेवटी तर तो जिंकून आलेल्या माणसासारखा बोलत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये “हं” म्हणाली. तिला रात्री झोप लागत नाही हे दुपारी बाहेरच्या खोलीत त्याच्या कानात शिरलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही.

“छान, बाबा,” ती म्हणाली. “जेवलात?”

“जेवतो.”

“बरं. ठेवते.”

झाकलेल्या ताटावरचं झाकण वहिनींनी काढलं नाही. त्यानंच काढलं आणि गार जेवण जेवला.

पुढच्या आठवड्यात रोपवाटिकेवाला दुकानासमोरून जाताना थांबला. “माझा अजून चालतोय, घरघरीसकट,” म्हणाला. वाइंडरनं नेहमीसारखं त्याला पाटीकडे बोट दाखवलं नाही. तार गुंडाळत राहिला.

माणूस शहाणा झाला, असं वाटून आम्हाला जरा वाईटच वाटलं; गल्लीची करमणूक गेली असती. पण दुसऱ्याच दिवशी उजाडताना भिंतीपलीकडे कीबोर्डची ओळखीची टकटक सुरू झाली. दूधवाल्याची सायकल वाजून गेली. चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

“आता कशासाठी?” वहिनींनी विचारलं.

“ड्रायव्हर तयार झालाय. आता नवा कर्नल चालेल. आवाजाची दुरुस्ती आहे ना त्यात.”

“कुठल्या आवाजाची?”

आतल्या खोलीत जुना पंखा घरघरू लागला. वहिनी नमुना बघत असाव्यात. मग टकटक पुन्हा सुरू झाली.